दरेकसाचे डोंगर पायी बघा

गोंदिया जिल्ह्यात येणारा पाहुणा बहुतेक वेळा नागझिऱ्यासाठी येतो. सकाळची सफारी, दुपारची सफारी, वाघ दिसला तर आनंद, नाही दिसला तर हळहळ, आणि रात्रीच्या गाडीनं परत. त्याच जिल्ह्याच्या पूर्वेला, छत्तीसगडच्या सीमेला टेकून सालेकसा तालुक्यातले दरेकसा आणि कचारगडचे डोंगर उभे आहेत. तिथवर फार थोडे लोक पोचतात. सागवान, मोह आणि बांबूचं जंगल, डोंगराच्या पायथ्याशी धानाच्या बांध्या, गोंडांची मोठी यात्रा, दिवाळीनंतर गावोगाव भरणाऱ्या मंडया, आणि दर महिन्याला बदलणारं ताट. हे सगळं दोन-चार दिवसांत अनुभवता येतं, पण त्यासाठी गाडीतून उतरून चालावं लागतं, आणि घर सोडण्याआधी आपण कुठल्या ऋतूत जातोय हे ठरवावं लागतं. इथं काय बघायला मिळेल, यापेक्षा कधी जायचं हा प्रश्न मोठा आहे.

पोचणं सोपं आहे. गोंदिया हे मुंबई-हावडा मार्गावरचं मोठं जंक्शन. मुंबईहून विदर्भ एक्स्प्रेस आणि कोल्हापूर-पुण्याकडून महाराष्ट्र एक्स्प्रेस, दोन्ही गाड्यांचा शेवटचा मुक्काम गोंदियाच. तिथून डोंगरगड-रायपूरकडे जाणाऱ्या लोकल गाडीत बसलात की आमगाव, सालेकसा आणि मग दरेकसा. सालेकसा सोडलं की गाडी डोंगरात शिरते आणि दोन्ही बाजूंनी जंगल जवळ येतं. पुढं बोगदा लागतो, आणि त्यापलीकडे छत्तीसगड. मोठ्या गाड्या दरेकसाला थांबत नाहीत, लोकल मोजक्याच आहेत आणि मालगाड्यांमुळे त्यांना उशीरही होतो. त्यामुळे परतीची शेवटची गाडी कोणती, हे सकाळी उतरल्या उतरल्या स्टेशनवरच विचारून घ्या. स्वतःचं वाहन असेल तर गोंदिया-आमगाव-सालेकसा हा रस्ता चांगला आहे.

मुक्कामाच्या बाबतीत अपेक्षा बेताच्या ठेवा. दरेकसा परिसरात पर्यटकांसाठी बांधलेली हॉटेलं नाहीत. गोंदिया शहरात राहून रोज सकाळी निघणं हा एक मार्ग. दुसरा मार्ग पलीकडचा : डोंगरगडला बमलेश्वरी देवीमुळे धर्मशाळा आणि लॉज भरपूर आहेत, आणि ते रेल्वेनं दरेकसाहून जवळ पडतं. मात्र दोन्ही नवरात्रांत तिथं पाय ठेवायला जागा नसते. गावात ओळख निघाली आणि कुणी घरी राहायला बोलावलं, तर नक्की राहा. फक्त मच्छरदाणी सोबत न्या. हा जंगलपट्टा मलेरियाचा आहे, आणि पावसाळ्यात व त्यानंतरच्या दोन महिन्यांत त्याकडे दुर्लक्ष करू नका.

ऋतू आधी, तिकीट नंतर

जुलै-ऑगस्टमध्ये आलात तर रोवणी चाललेली असते. पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, उपटून त्यांच्या पेंढ्या बांधायच्या, चिखल केलेल्या बांधीत फेकायच्या आणि बायांनी एका ओळीत वाकून मागं मागं सरकत रोप लावत जायचं. हे काम सकाळपासून संध्याकाळपर्यंत, पाऊस असो की नसो, चालू असतं. डोंगरावरून ढग उतरलेले, खाली पाण्यानं भरलेल्या बांध्या आणि त्यात रंगीत लुगड्यांच्या रांगा. याच दिवसांत दरेकसाजवळचा हाजरा फॉल भरून कोसळतो. पण या दिवसांत चालणं कठीण. पायवाटा निसरड्या, नाले अचानक चढतात, विजाही पडतात. आभाळ गडगडायला लागलं की उघड्या बांध्यांतून आणि एकट्या झाडाखालून बाजूला व्हा.

ऑक्टोबर ते डिसेंबर हा चालण्याचा काळ. हलका धान आधी कापणीला येतो, भारी धान मागून. कापलेल्या धानाचे भारे बांधून खळ्यावर पुंजणे रचलेले दिसतात. हवा कोरडी, सकाळी गारवा, नाल्यांना अजून पाणी. मंडयाही याच दिवसांत. पहिल्यांदा येणाऱ्यानं दिवाळीनंतरचे दोन आठवडे धरावेत, असं माझं ठाम मत आहे.

फेब्रुवारीत माघ पौर्णिमेला कचारगडची यात्रा. मार्चच्या अखेरीपासून मोह गळायला लागतो, पळस आधीच फुललेला असतो, आणि जंगल वर्षात सर्वांत देखणं दिसतं. पण ऊन तापायला लागतं आणि एप्रिल-मेमध्ये पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो. त्या दिवसांत दहा वाजल्यानंतर चालू नये. जूनचे पहिले पंधरा दिवस टाळलेलेच बरे : उकाडा असतो, नाले कोरडे असतात आणि शेतकरी पेरणीच्या घाईत असतो.

ताटात काय पडेल

गोंदियाला भाताचं कोठार म्हणतात, आणि इथल्या जेवणाचा पाया भातच. भाकरही पुष्कळ घरी तांदळाच्या पिठाची. पाहुण्याला वाढायचा तांदूळ मात्र वेगळा. शेजारच्या भंडारा आणि बालाघाटप्रमाणे इथंही चिन्नोर हे जुनं सुवासिक वाण जाणते लोक राखून आहेत. सोसायटीला किंवा गिरणीला जाणारा धान वेगळा आणि घरच्या कोठीतला वेगळा. घरचा तांदूळ विकत मिळतो का, हे जरूर विचारा. पाच-दहा किलो सहज मिळून जातो, आणि शहरातल्या पॉलिश केलेल्या तांदळाशी त्याची तुलना होणार नाही.

भाताबरोबर लाखोरी. ही डाळ धानाच्या उभ्या पिकात पेरतात. कापणीच्या थोडं आधी बांधीत ओल असतानाच बी फेकून द्यायचं, नांगरट नाही, पाणी नाही. धान निघून जातो आणि मागं लाखोरीचा हिरवा गालिचा उरतो. डिसेंबर-जानेवारीत तिचे कोवळे शेंडे खुडून भाजी करतात आणि पुढं डाळ निघते. लाखोरीबद्दल एक भीती ऐकलेली असते, ती खरी आहे : महिनोन्‌महिने फक्त हीच डाळ खाल्ली तर पायांत लुळेपणा येण्याचा धोका असतो. दुष्काळात गरिबांवर ती वेळ आली होती. इतर अन्नासोबत अधूनमधून खाण्यानं तसं होत नाही. पाहुण्यानं तिचं वरण, वडे आणि भाजी निर्धास्त खावी.

पावसाळ्यातलं खाणं मात्र वेगळंच आहे, आणि त्यासाठी चिखल सोसायला हरकत नाही. पहिल्या पावसानंतर तरोट्याची कोवळी पानं, मग वास्ते, मग सात्या. वास्ते म्हणजे बांबूचे कोवळे कोंब. घरी आणल्यावर बाई आधी वरची खवलं एकेक करून सोलते, आतला पांढरा गाभा मोकळा करते आणि विळीवर इतका बारीक चिरते की त्याच्या चकत्यांतून पलीकडचं दिसावं. मग ते उकळून पाणी फेकून द्यायचं, बहुधा दोनदा. हे पाणी फेकणं चवीपुरतं नाही, कोंबात कच्चेपणी विषारी द्रव्य असतं आणि ते उकळल्यानं जातं. पिळून घेतलेले वास्ते भिजवलेल्या चणाडाळीबरोबर, भरपूर लसूण आणि तिखट घालून परततात. खाताना दाताखाली करकर आवाज होतो आणि मागून एक किंचित आंबूस चव येते. काही घरी ते वाळवून ठेवतात आणि हिवाळ्यात पुन्हा भिजवून करतात. घरात वाळवलेले वास्ते आहेत का, हे विचारायला संकोचू नका.

सात्या ही वारुळावर उगवणारी अळिंबी. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये एखाद्या सकाळी अचानक निघते आणि दुपारपर्यंत बाजारातून संपलेली असते. भाव मटणाच्या बरोबरीनं, कधी त्याच्याही वर. मिळाली तर घ्या आणि ज्या घरी जेवणार त्यांनाच शिजवायला द्या. जंगलात स्वतः दिसेल ती छत्री खुडून आणू नका. खाण्याजोगी कोणती आणि जीवघेणी कोणती, हे ओळखणारी नजर लहानपणापासून तयार होते, फोटो बघून ते जमत नाही.

मासे हा इथला दुसरा मोठा आधार. जिल्हाभर तलाव आणि बोड्या, म्हणजे लहान तळी, आहेत. धीवर समाजाची जाळी, त्यांच्या सहकारी संस्था, आठवडी बाजारात बायांच्या टोपल्या. रोहू, कतला सगळीकडे मिळतात, पण तलावातला मरळ आणि बोडीतले बारीक मासे यांची चव वेगळी. बारीक मासे कांदा आणि आंबटाबरोबर सुके करतात. उन्हाळ्यासाठी वाळवलेली सुक्सी भाकरीबरोबर भाजून, चटणी करून खातात. हिवाळ्याच्या तोंडाला तलावांतून शिंगाडे निघतात. रस्त्याच्या कडेला उकडलेले शिंगाडे विकायला बसलेल्या बाया दिसल्या की थांबा.

पोवार घरी जेवण्याचा योग आला, तर कोचईच्या, म्हणजे अळूच्या, पानांच्या वड्या आणि तांदळाच्या पिठाचे आयते मिळण्याची शक्यता आहे. सणावाराला सुवारी आणि वडे असतात. मोहाच्या दिवसांत गोंड घरी वाळवलेली फुलं भाजून, कुटून, गूळ-तीळ घालून लाडू करतात. हल्ली महिला बचत गटही ते विकतात. दारूची चौकशी करत फिरू नका. मोहाची दारू गोंडांच्या पूजेत देवाला वाहिली जाते, तिचं स्थान त्यांच्या घरात आणि देवघरात आहे. शहरी पाहुण्यानं ती गंमत म्हणून मागणं त्यांना आवडत नाही, आणि विनापरवाना गाळलेली दारू विकत घेणं कायद्यातही बसत नाही.

नाश्त्याला सालेकसा किंवा आमगावला तर्री-पोहे आहेतच. ते नागपूरसारखेच.

कुठं चालावं

फ्रान्समध्ये 1947 पासून लांब पल्ल्याच्या पायवाटा आखायला सुरुवात झाली. झाडांवर आणि दगडांवर लाल-पांढरा पट्टा रंगवलेला असतो आणि त्याच्या आधारानं परका माणूस डोंगराळ गावांतून दिवसेंदिवस चालू शकतो. पुढच्या काही वर्षांत तिथल्या शेतकऱ्यांनी घरातल्या रिकाम्या खोल्या पाहुण्यांना द्यायला सुरुवात केली, कारण डोंगरातली गावं ओस पडत होती. आपल्याकडे महाराष्ट्रानं 2020 मध्ये कृषी पर्यटन धोरण आणलं, पण पूर्व विदर्भाच्या जंगलपट्ट्यात रंगवलेल्या पायवाटा नाहीत. इथं त्या पट्ट्याचं काम गावातला माणूस करतो. त्याला सोबत घेतल्याशिवाय गावाबाहेरच्या जंगलात पाऊल टाकू नका. त्याच्या दिवसाच्या मजुरीपेक्षा कमी पैसे देऊ नका, आणि किती द्यायचे ते निघण्याआधीच बोलून घ्या.

पहिली वाट हाजरा फॉलची. दरेकसा स्टेशनवरून पायी जाता येतं, रमतगमत गेलात तरी फार वेळ लागत नाही. धबधब्याची देखरेख गावची वन व्यवस्थापन समिती करते. प्रवेशाचं शुल्क तिच्याकडे जमा होतं आणि त्यातून गावच्या पोरांना काम मिळतं. ते शुल्क आनंदानं द्या, पावती घ्या आणि शिट्टी वाजली की पाण्यातून बाहेर या. पावसाळ्यातले रविवार टाळा. आठवड्यात मधल्या दिवशी सकाळी गेलात तर खडकावर बसून पाण्याचा आवाज नीट ऐकता येईल. हिवाळ्यात धार बारीक होते, पण खडकांची रचना आणि आजूबाजूचं जंगल तेव्हाच नीट दिसतं.

दुसरी वाट कचारगडची, धनेगावहून. गाव सोडलं की वाट जंगलातून डोंगराला भिडते आणि शेवटी चढ लागतो. चढ धापा टाकायला लावतो, पण साधारण तब्येतीच्या माणसाला झेपतो. वर मोठी नैसर्गिक गुहा आहे, शेकडो माणसं एका वेळी मावतील एवढी. उन्हातून आत शिरल्यावर डोळे सरावायला वेळ लागतो, मग छताकडून उतरलेला उजेड आणि कातळाच्या भिंती हळूहळू उलगडतात. आत देवस्थानं आहेत. पायातले जोडे बाहेर काढा, मोठ्यानं बोलू नका, भिंतीवर काही कोरू नका. अत्तर किंवा उग्र वासाचं तेल लावून जाऊ नका आणि गुहेत किंवा कातळाजवळ धूर करू नका. अशा कड्यांवर आग्या मोहोळ असतं, ते उठलं तर पळायला जागा नसते.

तिसरं चालणं धुऱ्यांवरचं, आणि मला ते सर्वांत आवडतं. डोंगर चढायला नको असेल तर कुठल्याही गावात सकाळी सहाला बांध्यांच्या धुऱ्यांवरून, म्हणजे शेताच्या बांधांवरून, चालत सुटा. धुरा अरुंद असतो, तो तुडवून ढासळू देऊ नका. ढासळलेल्या धुऱ्यातून बांधीचं पाणी निघून जातं आणि शेतकऱ्याचं नुकसान होतं. गोंदिया आणि तिरोडा तालुक्यांच्या सखल भागात, वैनगंगा आणि बाघ नद्यांच्या बाजूला, याच बांध्यांत सारस दिसण्याची शक्यता असते. महाराष्ट्रात सारस आता जवळपास याच जिल्ह्यापुरते उरले आहेत. माणसाएवढा उंच पक्षी, राखाडी अंग, लाल मान, आणि जोडी कायमची. पावसाळ्यात ते धानातच घरटं करतात. ज्याच्या शेतात घरटं आहे, तो शेतकरी अनेकदा तेवढा तुकडा न कापता राखतो. दुर्बीण आणा आणि लांबूनच बघा. घरट्याचा फोटो घेऊन ठिकाण जगाला सांगत बसू नका.

नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाच्या आत पायी फिरायला परवानगी नाही. 2013 मध्ये या जंगलांना व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. तिथं ठरलेल्या प्रवेशद्वारांतून वाहनानं आणि वाटाड्यासोबतच जावं लागतं. सालेकसाच्या जंगलातही बिबटे आणि अस्वलं आहेत. मोहाच्या दिवसांत पहाटे एकट्यानं झाडांखाली जाऊ नका. फुलं वेचायला माणसं येतात तशी ती खायला अस्वलंही येतात, आणि दोघांची वेळ एकच असते. अस्वलाचे बहुतेक हल्ले अशाच अचानक भेटीतून होतात.

हा तीन राज्यांच्या सीमेचा टापू अनेक वर्षं नक्षलग्रस्त म्हणून ओळखला गेला. पोलिसांची दूरक्षेत्रं आणि चौक्या जागोजागी आहेत. ओळखपत्र जवळ ठेवा, विचारलं तर कुठून आलो आणि कुणाकडे आलो हे सरळ सांगा, आणि सूर्य मावळायच्या आत गावात परत या. चौकी, पूल, बोगदा यांचे फोटो काढू नका. एवढं पाळलंत की पुरे.

मंडई आणि कचारगड

दिवाळीच्या पाडव्याला गाईगोधनाची पूजा होते. गोवारी समाजाचे लोक डफ आणि बासरीच्या तालावर नाचतात, मोरपिसांनी सजवलेली ढाल मिरवतात. ज्यांनी वर्षभर गावची गुरं राखली, त्यांचा हा मान असतो. भाऊबीजेपासून मंडया सुरू होतात. आज या गावाला, उद्या त्या गावाला, असं महिनाभर चालतं. दिवसा बाजार भरतो : बांगड्या, कपडे, खेळणी, शेव-चिवडा, ऊस, शिंगाडे. सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, नातेवाईक येतात, लग्नाच्या गोष्टी इथंच निघतात. घराघरांत पाहुणे जेवायला. धान हाताशी आलेला असतो, माणसं मोकळी झालेली असतात.

रात्री दंडार, खडीगंमत किंवा नाटक. झाडीपट्टीची, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या जंगलपट्ट्याची, नाटकं उघड्यावर, मातीतल्या बैठकीसमोर होतात. रात्री दहाच्या पुढं सुरू होऊन पहाटेपर्यंत चालतात. वडसा म्हणजे देसाईगंज हे या नाटक मंडळ्यांचं मुख्य ठिकाण. दिवाळी ते होळी हा त्यांचा हंगाम, आणि हजारो माणसं तिकीट काढून बसतात. सरकारी अनुदानाच्या आधाराशिवाय तिकिटावर उभी असलेली एवढी मोठी नाट्यपरंपरा महाराष्ट्रात दुसरीकडे क्वचितच सापडेल. जाताना चटई, शाल आणि कानटोपी घ्या, नोव्हेंबरची रात्र उघड्यावर बोचते. शेवटपर्यंत बसा. अर्ध्यातून उठून गाडी सुरू करणारे शहरी पाहुणे लोकांच्या लक्षात राहतात.

कचारगडची यात्रा वेगळ्या तोलाची आहे. गोंडी पुराणकथेत कली कंकालीच्या तेहतीस मुलांना या गुहेत कोंडलं होतं. जंगो रायताड या मुलांची काळजी घेणारी माता. पारी कुपार लिंगोनं त्यांची सुटका करायची ठरवली, आणि हिरासुका पाटालीर या वादकाच्या साथीनं गुहेच्या तोंडाची शिळा हलली. मुलं सुटली, पण हिरासुका त्या शिळेखाली गेला. लिंगोनं मग मुलांना शिकवण दिली आणि गोत्रांची व्यवस्था लावून दिली. गोंडांसाठी आपल्या धर्माची सुरुवात, कोया पुनेमची सुरुवात, या ठिकाणी झाली. 1980च्या दशकात मोतीरावण कंगाली आणि त्यांच्या सोबत्यांनी समाजाला या जागेकडे पुन्हा वळवलं. आता माघ पौर्णिमेच्या आगेमागे काही दिवस इथं मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगण, ओडिशा असा दूरदूरचा गोंड समाज लाखोंनी येतो. पिवळे फेटे, पिवळे दुपट्टे, सप्तरंगी झेंडे, ढोल, आणि धनेगावहून गुहेकडे निघालेल्या देवांच्या मिरवणुका. रात्रभर गोंडी गाणी आणि रेला नृत्य. पुस्तकांचे स्टॉलही असतात : गोंडी लिपी, गोंडी इतिहास, पंचांगं. गोंड नसलेल्यानं त्यातलं एखादं पुस्तक विकत घेऊन वाचावं, अशी माझी शिफारस आहे.

यात्रेला जरूर जा, पण तिथं प्रेक्षक म्हणून वागू नका. नमस्काराऐवजी ‘जय सेवा’ म्हणा. लोक त्यानं खुलतात. पूजेचा फोटो विचारून घ्या, नाही म्हटलं तर विषय सोडा. नाचणाऱ्या बायकांचे व्हिडिओ काढत त्यांच्या पुढ्यात उभं राहणं सर्रास दिसतं आणि त्याचा त्यांना त्रास होतो. या दिवसांत राहायची सोय मंडपांत असते, बाहेरच्यांनी गोंदियाहूनच येऊन-जाऊन करावं. गर्दीनं मोबाईलचं नेटवर्क बंद पडतं, सोबत्यांशी भेटायची जागा आधी ठरवून ठेवा.

एक दिवस दक्षिणेकडे

चार दिवस हातात असतील तर एक दिवस अर्जुनी मोरगाव तालुक्याला द्या. नवेगावबांधचा तलाव अठराव्या शतकात कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असं परंपरा सांगते. कोहळी समाजानं झाडीपट्टीत असे तलाव कसे बांधले हे या एका पाळीवर उभं राहिलं तरी समजतं : डोंगरांच्या मधल्या खिंडी तेवढ्या मातीनं बुजवल्या आणि उरलेलं काम डोंगरांकडून करून घेतलं. भोवतालच्या टेकड्यांना सात बहिणी म्हणतात. वनाधिकारी आणि लेखक मारुती चितमपल्ली यांनी इथं बरीच वर्षं काढली, आणि त्यांच्या लेखनातून हा परिसर मराठी वाचकाला ठाऊक झाला. हिवाळ्यात स्थलांतरित बदकं येतात. या तालुक्यात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ धीवरांच्या संस्थांना सोबत घेऊन जुन्या तलावांत देशी पाणवनस्पती आणि देशी मासे परत आणण्याचं काम करतं. तलावाच्या माशाबद्दल वर जे लिहिलं, ते असं काम करणाऱ्या लोकांमुळे अजून खरं आहे.

तिथून पुढं प्रतापगड. डोंगरावर जुन्या किल्ल्याचे अवशेष, महादेवाचं स्थान आणि ख्वाजा उस्मान गनी हारुनी यांचा दर्गा. महाशिवरात्रीला हिंदू आणि मुसलमान दोघेही इथं येतात. जवळच गोठणगावला 1972 मध्ये वसलेली तिबेटी वसाहत आहे. प्रार्थनेची चाकं, गोंपा, आणि धानाच्या बांध्यांशेजारी फडफडणाऱ्या पताका. वसाहतीत मोमो आणि थुक्पा मिळण्याची शक्यता असते. इटियाडोह धरणही याच बाजूला.

वागणं आणि पैसा

या भागात झाडीबोली, पोवारी, गोंडी, छत्तीसगडी आणि हिंदी एकाच चौकात ऐकू येतात. मराठी सगळ्यांना समजते. वयस्कांना मामा, मावशी म्हणा, बरोबरीच्यांना भाऊ, बाई. ‘बसा न जी’, ‘जेवून जा न जी’ असा आग्रह झाला तर निदान पाणी आणि चहा घेतल्याशिवाय उठू नका. जेवलात तर पैसे कसे द्यायचे हा प्रश्न येईल. हातात नोटा ठेवल्या तर अनेक घरी रागावतात. त्याऐवजी आदल्या दिवशीच सांगा, ‘आम्ही चार जण आहोत, जेवणाचा खर्च आम्ही देणार, जमेल का?’ मग ते काम म्हणून ठरतं आणि कुणालाच अवघडल्यासारखं होत नाही. ऐन रोवणीत किंवा कापणीत असा भार टाकू नका, घरातली बाई दिवसभर शेतात राबून आलेली असते.

विकत घ्यायला चारोळी, मध, वाळवलेला मोह, तांदूळ, बुरडाच्या टोपल्या आणि सुपं आहेत. आठवडी बाजारात घ्या आणि चारोळीच्या भावात घासाघीस करू नका. उन्हाळ्यात झाडावरून फळं उतरवून, भिजवून, घासून आणि फोडून ती मूठभर डाळ निघालेली असते. शिंगं, साळिंदराचे काटे, खवल्या मांजराची खवलं, नखं, असलं काही कुणी दाखवलं तर हातही लावू नका. ते विकणं आणि विकत घेणं हा वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे.

मे महिन्यात तेंदूपत्त्याचा हंगाम असतो. सत्तर पानांचा एक पुडा, आणि मजुरी पुड्यांवर ठरते. पहाटे चारला माणसं जंगलात जातात, दुपारी अंगणात अख्खं घर पानं जुळवत बसतं आणि संध्याकाळी फडावर पुडे मोजून देतात. गोंदियाचा विडीउद्योग या पानांवर उभा राहिला. त्या दिवसांत वाटाड्या मिळणार नाही आणि मागूही नये, त्यांचं वर्षाचं रोख उत्पन्न या थोड्या दिवसांत येतं.

सोबत सुट्या नोटा ठेवा, कारण मोबाईलवरून पैसे देण्याची सोय असली तरी डोंगरात नेटवर्क जातं-येतं. पूर्ण बाह्यांचे कपडे, पायांत बूट, टॉर्च, प्यायचं पाणी आणि प्लास्टिक परत नेण्यासाठी एक पिशवी. साप चावल्यास मांत्रिकाकडे वेळ न घालवता थेट ग्रामीण रुग्णालय गाठायचं, आणि तोवर त्या माणसाला चालवायचं नाही. 108 क्रमांक पाठ असू द्या.

आणि मंडईसाठी यायचं असेल, तर तारखेचा अंदाज बांधून आरक्षण करू नका. मंडईचा दिवस प्रत्येक गाव स्वतः ठरवतं आणि तो बहुधा दिवाळीच्या तोंडावरच पक्का होतो. गावातल्या कुणाला तरी फोन करा, दिवस विचारा, आणि मगच तिकीट काढा.